कॉम्प्युटरकडे तोंड केलेला कूलर

अकोल्याच्या मे महिन्यात आमच्या घरातला एकुलता एक कूलर माणसांकडे कधी नसे. त्याचं तोंड कॉम्प्युटरकडे. माझे धाकटे दीर वसंतभाऊजी स्वतः घामाने निथळत शेजारी बसत. त्यांनी लग्न केलं नाही. माझे यजमान गेल्यावर घरात आम्ही दोघंच उरलो.

टीव्हीला जोडायचे ते जुने कॉम्प्युटर, अख्खं यंत्र कीबोर्डच्याच पोटात. लोकांनी अडगळीत टाकलेले भाऊजी मागून आणत. मागच्या खाचेत नव्या प्रोसेसरचं कार्ड बसवत. ते म्हातारं धावायला लागलं की मला गॅसपासून ओढून नेत.

"वैनी, पाहा! नवं डोकं बसवलं याले."

"मग जुनं कुठं गेलं?"

"आतच हाये. बसून राह्यते. काम नवं करते."

"म्हणजे सून आल्यावर सासू बसते तसं."

"सासू बोलते वैनी. हे चूप राह्यते."

ते नवं डोकं तापायचं, म्हणून कूलर. पण आमचा भाग खारपाणपट्ट्याचा. बोअरचं पाणी खारट, कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांवर पांढरे थर धरतात. ते ओलं वारं त्या उघड्या कार्डानं उन्हाळाभर घेतलं. कार्डाच्या पायांवर मीठ चढलं आणि ते मेलं. शहाण्या माणसानं कूलर बाजूला केला असता. भाऊजींनी दुसरं कार्ड बसवलं आणि पिण्याचं फिल्टरचं पाणी कूलरमध्ये ओतायला सुरुवात केली.

"अन् आपण काय प्यावं?" मी ओरडले.

"बोअरचं. माणसाले चाल्ते वैनी, मशीनले नाही चालत."

मग त्यांना भोवळ यायला लागली. मी धरून अमरावतीला नेलं. डॉक्टर म्हणाले, ठोके फार हळू पडतात, पेसमेकर बसवावा लागेल. त्यांनी नमुना हातात दिला, काड्यापेटीपेक्षा लहान. भाऊजींनी तो उलटसुलट पाहिला. "याले खोलाचा इस्क्रू कुठं हाये?" डॉक्टर हसले. मी नाही हसले. हा माणूस नाही म्हणणार, हे मला तिथंच कळलं.

परतताना बडनेरा स्टेशनवर गाडीची वाट पाहत मी भांडले. "काहून नाही म्हणता?"

"जे मले खोलता येत नाही, ते मी बसवत नाही. बंद पडलं त पाहीन कोण?"

"डॉक्टर पाहीन! तुमी त्या डब्ब्यायले विचारलं होतं का, कार्ड बसवू का म्हणून?"

"ते थोडीच बोलते, वैनी."

पुढच्या मे महिन्यात ते खुर्चीतच गेले. मी चहा घेऊन आले तेव्हा स्क्रीन चालू होता आणि कूलर त्या कार्डावर वारा घालत होता.

तेरवीला लोक जेवता जेवता म्हणाले, "मोठ्या डोक्याचा माणूस होता."

"कायचं डोकं?" मी म्हटलं. "दुसऱ्यायनं टाकलेल्या डब्ब्यायले नवं डोकं देलं, अन् स्वतःले काड्यापेटीएवढी वस्तू बसू देली नाही. खा गुपचूप."

कूलरची जागा मी बदललेली नाही. तोंड कॉम्प्युटरकडेच आहे. फक्त पाणी आता बोअरचं भरते. खाऊ दे मिठाला ते कार्ड.