नियमांचं पंचांग वाचणारे अण्णा

मला मदत केली ती मानोजी अण्णांनी आणि त्यांच्या बायकोनं, सरोजक्कांनी. हे आधी लिहून ठेवतो. माणूस गेला की त्याच्या जाण्याचंच आधी लिहिलं जातं आणि त्यानं काय केलं ते मागं पडतं. माझ्याकडून तसं व्हायला नको, म्हणून आधी हे.

अण्णा गेले त्याला पाच आठवडे झाले. निरोप आला तेव्हा मी व्हाइटफील्डला एका नव्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर पाइपातून वायर ओढत होतो. खालच्या एसटीडी बूथवाल्यानं हाका मारल्या. गावाकडून फोन असेल, काहीतरी वाईट झालं असेल असं घोकतच मी खाली आलो. मी असाच आहे, मेन स्विच बंद केलाय की नाही ते तीनदा बघणारा. पण फोनवर सरोजक्का होत्या. आवाज अगदी शांत. "अण्णा सकाळी गेले रे. पायरीवर बसून पेपर वाचत होते, तसेच. तू घाई करू नको. बस बदलताना स्वल्प सांभाळ." नवरा गेलेली बाई मला बस जरा जपून बदल म्हणत होती... त्या घराची रीतच तशी.

मी परभणीकडचा. शाळा सातवीपर्यंत. शाळेच्या वाटेवर मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. आधी मी तिथं येता-जाता थांबायचो, मग नुसता जाताना थांबायला लागलो आणि येण्याची वेळ होईपर्यंत तिथंच असायचो. पुढं एका ठेकेदाराबरोबर बंगळूरला आलो. हाताला काम होतं, पण वायरमनचा परवाना नव्हता. परवाना नसला की काम दुसऱ्याच्या नावावर, आणि साहेब साइटवर आले की आपण सिमेंटच्या पोत्यांमागं. चांगली पाच वर्षं मी त्या पोत्यांमागं उभा राहिलो असेन. मग कळलं की दहावी नसलेल्यांसाठीही एक वाट आहे. ज्यानं पुरेशी वर्षं काम केलंय त्याची तोंडी आणि हातकामाची परीक्षा घ्यायची, असा एक नियम त्या ऑफिसनं केला होता. ऑफिसचं नाव लिहीत नाही. अण्णांना ते आवडलं नसतं.

अर्ज घेऊन गेलो तर खिडकीवरचा कारकून म्हणाला, शहरात स्वतःचं घर असलेल्या दोघांच्या सह्या आण. मी चार फेऱ्या मारल्या. राजाजीनगरला ज्यांच्याकडं राहत होतो ते घरमालक म्हणाले, "खोली दिली ना? आता सही पण देऊ?" पाचव्या फेरीला खिडकीपाशी रडकुंडीला आलो आणि स्वतःशीच मराठीत काहीतरी पुटपुटलो. आतल्या टेबलावरून एक बारीक, उंच माणूस लांबट वही घेऊन उठला. आधी कारकुनाशी कन्नडमध्ये बोलला, मग माझ्याकडं वळला. हेच अण्णा.

"कुठला रे तू?"

अशी मराठी मी कधी ऐकली नव्हती. शब्द आपले, हेल कन्नड. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपासून इकडं, हे मला नंतर कळलं. मी गाव सांगितलं.

"सह्यांचा नियम मेला बा. गेल्या वर्षीच. ह्या लोकांना अजून सुतक कळलं न्हाई."

खिडकीवरचा कारकून हसून म्हणाला, "आले आमचे चित्रगुप्त!" आणि त्यानं माझा अर्ज घेतला. बिनासह्यांचा. मी पावती घडी घालून बनियनच्या आत ठेवली आणि बाहेर येऊन ती तिथंच आहे ना, हे पुन्हा पुन्हा बघितलं.

त्या ऑफिसात एक पद्धत होती, ती सांगितल्याशिवाय अण्णा कळायचे नाहीत. कुठल्यातरी जुन्या साहेबांनी ठरवून ठेवलं होतं की या ऑफिसनं केलेला प्रत्येक नियम पाच वर्षंच जगेल. पाच वर्षं भरत आली की फलकावर नोटीस लावायची, महिनाभर लोकांची पत्रं घ्यायची, एक सुनावणी करायची आणि मग नियम ठेवायचा, बदलायचा की सोडून द्यायचा ते ठरवायचं. एकही पत्र आलं नाही तर नियम त्या तारखेला आपोआप संपला. साहेब बदलत गेले आणि ही पद्धत सगळे विसरले, अण्णा सोडून. त्यांचं टेबलच त्या कामाचं. "औषधाच्या बाटलीवर तारीख असत्ये ना? मग नियमावर का नको?" असं ते म्हणायचे. त्यांच्या लांबट वहीत प्रत्येक नियमाची जन्मतारीख आणि मुदत लिहिलेली. तशीच दुसरी वही घरी. ऑफिसची वही कुणी हरवली तर, म्हणून.

पाडव्याला इकडं पंचांग वाचतात. अण्णा पाडव्यानंतर ऑफिस उघडलं की टेबलाशी उभं राहून त्या वर्षी कुठले नियम संपणार याची यादी वाचायचे, आणि सरोजक्कांनी दिलेला कडुलिंब-गूळ वाटायचे. मी परवान्याची परीक्षा पास झाल्यावर सगळ्यांना पेढे द्यायला गेलो तो नेमका तोच दिवस निघाला. अण्णा वाचत होते, "अर्जावर गावच्या मुलकी कारकुनाचा शिक्का पाहिजे. ह्या नावाची खुर्चीच उरली न्हाई आणि आपण शिक्का मागतोय." सगळे हसत होते. मीही हसलो. तोंडात कडुलिंब होता तरी हसलो. नियम मरतात ही मला तेव्हा निव्वळ आनंदाची गोष्ट वाटली होती.

पुढं दोन वर्षांनी त्याच यादीत माझा नियम आला. दहावी नसलेल्यांची परीक्षा. तो नियम संपला की आमचे परवाने पुन्हा वाढवून मिळणार नव्हते. अण्णांनी नोटीस स्वतः फलकावर लावली, कन्नड आणि इंग्रजीत. आणि आम्ही काय केलं? आम्ही लपलो. माझ्यासारखे निदान तीसेक वायरमन होते. सगळ्यांना वाटलं, ही फेरतपासणी म्हणजे आपलीच तपासणी. कोण किती शिकलाय ते आता शोधून काढणार. वेलू नावाचा माझा जोडीदार, तमिळ, सगळ्यांना सांगत फिरला, "ऑफिसच्या रस्त्यानं सुद्धा जाऊ नका." ज्या नियमावर आमच्या चुली होत्या त्याच्यासाठी एक ओळ लिहून द्यायची, तर आम्ही तोंड लपवत होतो. मी सगळ्यांत पुढं. तेव्हा माझं नुकतंच लग्न झालेलं, बायकोला इकडं आणलेलं. परवाना गेला तर परत पोत्यांमागं... हे तिला कसं सांगायचं, याचीच मी तालीम करत बसलो होतो.

मुदत संपायला चार दिवस उरले असताना अण्णा माझ्या साइटवर आले. जयनगरला एका दुकानाचं काम चाललं होतं. दोन बस बदलून, अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले होते. मी शिडीवर होतो, त्यांना बघून खाली उतरेचना.

"उतर रे. मी काय पोलीस हाय?"

"अण्णा, तुम्हीच नोटीस लावली."

"मीच लावणार. ते माझं काम. पत्र लिहिणं तुझं काम. एक तरी पत्र आलं पाहिजे, न्हाईतर मला माझ्या हातानं ह्या नियमावर काट मारावी लागंल. आणि मी मारीन, हे पण सांगतो."

ते मारतील याची मला खात्री होती. त्याचीच भीती वाटली आणि त्याचाच आधारही वाटला, दोन्ही एकदम.

पण मला कन्नड लिहिता येत नव्हतं. अण्णा म्हणाले, संध्याकाळी घरी ये. गेलो. तर सरोजक्का कागद-पेन घेऊन बसलेल्या आणि अण्णा चप्पल घालून बाहेर निघालेले. ज्या टेबलावर पत्र यायचं त्या टेबलाच्या माणसानं ते बघायचं नाही, असा त्यांचा हिशेब. ते बाहेर पायरीवर जाऊन बसले. आत मी मराठीत सांगत होतो आणि सरोजक्का कन्नडमध्ये लिहीत होत्या. मध्येच एका शब्दाला त्या अडल्या आणि मोठ्यानं विचारलं, "अहो, अनुभवाला सरकारी भाषेत काय म्हणत्यात?" बाहेरून उत्तर आलं, "मी ह्या घरात न्हाई!" सरोजक्का पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसलो. कित्येक दिवसांत पहिल्यांदा.

त्या व्हरांड्यात पायरीवरच्या दिव्याचा एक जुना स्विच होता. स्प्रिंग सैल झालेली. अण्णा बोटाच्या पेरानं दोनदा टकटक करायचे, मग खाली दाबायचे, की दिवा लागायचा. त्या दिवशी निघताना मी म्हटलं, दोन मिनिटांचं काम आहे, बदलून टाकतो. अण्णांनी माझा हात धरला. "तुझा कागद माझ्या ऑफिसात हाय तोवर माझ्या घरात तुझा स्क्रूड्रायव्हर चालायचा न्हाई."

सुनावणीला त्या तीसेक जणांतले आम्ही तिघंच गेलो. वेलूला मी ओढत नेला. मोठ्या साहेबांनी विचारलं, हा नियम का ठेवावा? माझ्या तोंडातून निघालं, मोडक्या कन्नडमध्ये, "साहेब, दहावी पास माणसाला शॉक कमी लागतो असं नाही." खोलीत हशा झाला. तेवढ्यावर गप्प बसायचं की नाही? पण मी असाच आहे, मनात काही अडकलं की ते बाहेर पडेपर्यंत चैन नाही. मी पुढं म्हटलं, "पण परीक्षा अवघड करा. मला फार सोपी गेली. अर्थिंगचं तर मला काहीच विचारलं नाही. असे किती जण पास झाले असतील याची भीती वाटते." वेलूनं टेबलाखाली माझा पाय चेपला. साहेब हसायचे थांबले आणि लिहून घ्यायला लागले. बाहेर आल्यावर वेलूनं मला काय काय म्हटलं ते पेपरच्या या पुरवणीत छापण्यासारखं नाही.

नियम राहिला. हातकामाची परीक्षा एका तासाची तीन तासांची झाली, अर्थिंगसकट, आणि ती आम्हा जुन्यांनाही परत द्यावी लागली. वेलू पास झाला, पण माझ्याशी दोन महिने बोलला नाही. मी अण्णांकडं गेलो. सांगा, काय करू तुमच्यासाठी, म्हणालो. ते पायरीवर पेपर वाचत होते. "सरी, बरं तर," म्हणाले, "एक काम कर. पाच वर्षांनी परत सुनावणी येईल. तेव्हा तू ये. आणि हा नियम अजून पाहिजे का, ते खरं सांग. नको असंल तर नको म्हण. तुझं पोट त्याच्यावर असलं तरी." मी हो म्हणालो. एवढंच ना, असं वाटलं. किती मोठं मागितलं होतं ते आत्ता कळतंय.

अण्णा रिटायर झाले. नव्या माणसानं पाडव्याचं वाचन बंद केलं. अण्णा मग घरीच, घरच्या वहीतून, सरोजक्कांना आणि मला यादी वाचून दाखवायचे. माझी बायको पहिल्यांदा आली तेव्हा देवाची पोथी समजून हात जोडून बसली होती. मी दर वेळी स्विचकडं बघून म्हणायचो, आता तरी बदलू द्या, तुम्ही कुठं ऑफिसात आहात? "मी रिटायर झालो. माझी वही न्हाई झाली. तुझी सुनावणी व्हायची हाय." मग टकटक, आणि दिवा.

गेल्या रविवारी सरोजक्कांकडं गेलो होतो. वर्षभरापासून मी त्यांच्याकडं कन्नड लिहायला शिकतोय. अक्षर वाईट आहे, पण जोडाक्षरं जमतात. सरोजक्कांनी घरची वही माझ्यापुढं ठेवली. येत्या पाडव्याच्या पानावर, अण्णांच्या हातानं, माझा नियम लिहिलेला आहे. कसं बोलणार मी तिथं? आता साइटवर येणारे बरेचसे दहावी झालेले असतात, कुणी आयटीआय केलेले. पण परवाच एक माणूस भेटला, रायचूरकडचा, चौथी शिकलेला आणि हात सोन्यासारखा. तो कुठल्या वाटेनं येणार? दोन्ही बाजू मनात घेऊन मी फिरतोय. आधीसारखी झोप उडत नाही मात्र. पाडवा येईपर्यंत नीट विचार करायचा, मग खरं असेल ते लिहायचं. अण्णांनी एवढं सोपं करून ठेवलंय.

अंधारून आलं तसं सरोजक्का म्हणाल्या, "आता तो स्विच बदल बाबा. नियम करणारा गेला. मुदत संपली म्हणायची का आपण?"

स्विच मी उघडून बघितला. नुसती स्प्रिंग सैल आहे, धोका काही नाही. नवा स्विच माझ्या पिशवीत होता, खरं तर तीन वर्षांपासून आहे. मी झाकण परत लावलं.

"सुनावणी व्हायचीये, अक्का."

मी बोटाच्या पेरानं दोनदा टकटक केलं आणि खाली दाबलं. पायरीवर उजेड पडला. पायरीवर कुणी नव्हतं, पेपर तेवढा घडी घालून ठेवलेला होता. सरोजक्का अजून तो घेतात.

अण्णा, पाडव्यानंतर मी पत्र लिहीन. माझ्या हातानं, कन्नडमध्ये, आणि तीसच्या तीस जणांना सोबत नेईन, वेलूला ओढत का होईना. जे खरं असेल तेच सांगेन. आणि ते झालं की त्याच संध्याकाळी येऊन तुमचा स्विच बदलीन.