वस्ताद व्हायचं तर

“शेंडी कापली. आता ह्यानं जपानी व्हायचं, नाहीतर घरला जायचं,” पैलवानकाका टीव्हीकडे बघत हळहळले. मी त्यांच्या लंडनमधल्या हॅरोच्या घरी त्याच दिवशी भाड्याने राहायला आले होते. बॅग घेऊन दारातच थबकले. पडद्यावर एका धिप्पाड मंगोलियन सुमो पैलवानाचा निवृत्तीचा समारंभ चालला होता.

काका तरुणपणी कोल्हापूरच्या तालमीत घुमले होते. पुढे लंडनला येऊन विमानतळावर सामान उचललं. सुमोचे नियम त्यांना तोंडपाठ. “बाहेरच्या पैलवानानं कितीबी कुस्त्या मारू देत,” ते मला समजावत, “पुढं वस्ताद होऊन पोरं घडवायची तर जपानचं नागरिकत्व घ्यायचं, आपलं सोडायचं.” मग हमखास म्हणत, “मी असतो तर सरळ घरला गेलो असतो.”

इतकी वर्षं इथे राहूनही त्यांनी भारताचा पासपोर्ट सोडला नव्हता. तो नवा होऊन आला की आधी देवापुढे ठेवत. जर्मनीतल्या लेकीकडे जायचं तर दर वेळी व्हिसाची रांग. काकू वैतागत, “अहो, नातीच्या बारशाचा व्हिसा मिळाला तोवर ती रांगायला लागली!”

त्या सुमारास भारताने परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांसाठी ओसीआय कार्ड सुरू केलं आणि इथल्या मराठी मंडळात सगळे त्याला ‘ड्युअल सिटिझनशिप’च म्हणू लागले. काका हरखले. ब्रिटिश नागरिकत्वाचा फॉर्म माझ्यापुढे ठेवून म्हणाले, “पोरी, तुझं इंग्लिश पक्कं. दोन्ही राहतात ना?”

मी सगळं वाचलं होतं. ब्रिटिश झालं की भारतीय नागरिकत्व संपतं; कार्ड म्हणजे फक्त कायमचा व्हिसा. काकू स्वयंपाकघराच्या दारातून आशेने माझ्याकडे बघत होत्या. मला वाद झेपत नाहीत.

“हो काका,” मी म्हटलं.

काकांनी कोट घालून कौन्सिलमध्ये नागरिकत्वाची शपथ घेतली. काही महिन्यांनी, कार्डासाठी पाठवलेला जुना पासपोर्ट रद्द झाल्याचा शिक्का घेऊन परत आला. काका तो बराच वेळ हातात धरून बसले. काकूंना एवढंच म्हणाले, “पोरीला बोलू नकोस. मंडळातले सगळेच तसं सांगत होते.” त्यांनी मला सोडवलं आणि मी गुपचूप सुटले. त्यानंतर सुमो लागायचं, पण नियम कुणाला समजावणं बंद झालं.

मला ब्रिस्टलला नोकरी लागली. काकांनी माझी जड बॅग स्टेशनपर्यंत स्वतः वाहिली. “पोचलीस की फोन कर,” म्हणाले. गाडी येताना दिसली. मी बॅग त्यांच्या हातातून घेतली.

“काका, फॉर्म मी नीट वाचला होता. दोन्ही राहत नाहीत, हे मला तेव्हाच माहीत होतं.”