पिशवीत पिस्टन घेऊन वळसंगला

सोलापूरला लोक चादरी आणायला जातात. मी या वेळी एक पिस्टन पोचवायला गेले. पुणे स्टेशनवर सामान तपासणाऱ्या हवालदारानं तो हातात घेऊन फिरवून पाहिला आणि विचारलं, "गाडी कुठं बंद पडलीय का?" मी म्हटलं, "नाही, अजून सुरूच झालेली नाही." त्याला ते पटलं नाही, पण मागं रांग होती.

मी थट्टा करत नव्हते. सात वर्षं मी नोकरीत संगणकावर डिझेल जाळलं. सिलिंडरमध्ये हवा कशी फिरते, डिझेलचा फवारा तिच्यात कुठं मिसळतो आणि कुठं न मिसळता काजळी होतो, ते आम्ही सिम्युलेशन करून पाहायचो. पिस्टनच्या डोक्यावर एक वाटी कोरलेली असते. तिचा आकार बदलला की हवेची गिरकी बदलते. शेतीपंपाच्या जुन्या इंजिनासाठी मी अशी एक नवी वाटी बेतली होती, आणि स्क्रीनवर काजळी जवळजवळ गायब झाली होती. नमुन्याचा एकच पिस्टन तयार झाला आणि प्रकल्प गुंडाळला. आता मी बॅटऱ्या गार ठेवण्याचं गणित करते. पिस्टन खणात पडून होता. तो एकदा तरी खऱ्या इंजिनात चालावा, ही हुरहूर काही जाईना.

मग रेवणमामाचा फोन आला. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, वळसंगला असतो, जन्मभर इंजिनं दुरुस्त करत आलाय. "सोलर पंप मंजूर झाला. संक्रांतीनंतर बसला की विहिरीवरचं इंजिन भंगारात." माझी वाटी त्याच इंजिनाच्या मापाची होती. त्याच दिवशी रजा टाकली.

जाणार असाल तर सकाळची गाडी धरा. जेऊर मागं पडलं की थंडीत दोन्ही बाजूंना ज्वारी दिसते, आणि मी तरी पुस्तक मिटते. सोलापूरहून अक्कलकोटची एसटी. मी मध्येच एमआयडीसीत उतरून पांढरे टॉवेल घेतले. किलोवर मिळतात, बाजारापेक्षा स्वस्त. घासाघीस करायला गेले तर मालक आत बघून तेलुगूत काहीतरी बोलले, बायको हसली, भाव तोच राहिला.

टॉवेल कशासाठी? मामाकडं धूर मोजायचं यंत्र नाही. तो धुराच्या नळीपुढं पांढरं फडकं धरतो, शंभर आकडे मोजतो आणि डाग वाचतो.

दारातच मामीनं कानडीत विचारलं, "ऊटा आतेन?" जेवलीस का, या प्रश्नाच्या उत्तराची तिथं कुणी वाट बघत नाही. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही पुढं आलं. घरामागंच विहीर, पण मामी कपडे जिना चढून गच्चीत वाळत घालते. लहानपणी माझा शाळेचा पांढरा ब्लाऊज विहिरीकडं वाळताना काजळीनं ठिपके ठिपके झाला होता. मी भोकाड पसरलं, तेव्हा मामा म्हणाला होता, "मोठी झालीस की बिनधुराचं इंजिन कर." तो विसरला. मी विसरले नाही.

संध्याकाळी लॅपटॉपवर त्याला सिलिंडरमधली ज्वाला दाखवली.

"हे रंग खरे हायती?"

"नाही. समजावं म्हणून आम्ही दिलेत."

"मग आत खरं कसं दिसतं?"

"मी कधी बघितलं नाही, मामा."

"मी बी न्हाय," तो म्हणाला, आणि आम्ही दोघं पुन्हा स्क्रीनकडं बघत बसलो.

सकाळी आधी जुन्या पिस्टनवर इंजिन चालवलं. टॉवेलवर काळाकुट्ट डाग. मग मामानं हेड उतरवलं, माझा पिस्टन बसवला. जेवायच्या वेळेला त्यानं हँडल मारलं. इंजिन लागलं. मी टॉवेल धरून शंभर मोजले. डाग तपकिरी, तेलकट, पहिल्यापेक्षा वाईट. मी विहिरीच्या काठावर बसले आणि मला रडू आलं. सात वर्षं पाण्यात गेली असं वाटलं.

"रडतीस कशाला? पिस्टनच्या रिंगांना मीच तेल चोपडलंय की. ते जळतंय. कांदा भिजू दे तवर."

माझ्या सिम्युलेशनमध्ये मामाची तेलकट बोटं नव्हती. दोन तास पाणी चाललं. मग तिसरा टॉवेल धरला. डाग होताच, पण फिका, राखाडी, त्यातून कापडाची वीण दिसत होती. स्क्रीनवरच्या हिशेबानं तो याहून पांढरा यायला हवा होता. मामानं तो उन्हात धरून बराच वेळ पाहिला.

"मला वाटलं त्यापरीस लई बरं हाय."

मामी बादली घेऊन आली, लिंबाच्या झाडापासून इंजिनाच्या शेडच्या खांबापर्यंत दोरी बांधली आणि मामाचं पांढरं धोतर विहिरीकडं वाळत घातलं. इंजिन चालूच होतं. धोतर वाळेपर्यंत मी तिथून हलले नाही.

निघताना मामानं विचारलं, "पिस्टन काढून देऊ?" मी म्हटलं, राहू दे आतच. एसटीत बसल्यावर पस्तावले.

आता तिन्ही टॉवेल माझ्या टेबलासमोर लावलेत. ऑफिसात कुणी आलं की विचारतात, हे धूत का नाहीस. संक्रांत झाल्यावर मामाचा फोन आला. इंजिन गेलं होतं, माझ्या पिस्टनसकट. सोलर पंप बिनआवाजी चालतो म्हणे. मला मात्र तो आवाज हवा होता, आणि असं वाटणं चूक आहे हेही कळत होतं. विचारलं, मामी काय करतेय?

"कपडे वाळत घालतीया."

"गच्चीत?"

"न्हाय, विहिरीकडं. म्या म्हटलं, आता धूरच न्हाय, कुटंबी घाल. तर म्हणते, ही दोरी इंजिन चालू असताना बांधलीय, हितंच घालणार."