चष्मा काढून खेळणाऱ्या मावशी

दिवाळीनंतरचा दुसरा रविवार, सकाळ. ठिकाण: जुन्नर, बाजारपेठेच्या मागच्या गल्लीतली मावशींची खोली. हजर: मावशींचा मुलगा नितीन, सून वैशाली, नात ईश्वरी आणि मी. काम: खोली रिकामी करून किल्ली घरमालकाच्या हाती देणे. मावशी गणपतीच्या आधीच वारल्या.

कपाटाच्या वरच्या फळीवर चष्म्याचं घर सापडलं आणि माझं आवरणं थांबलं. मावशी शिवताना चष्मा लावायच्या, स्वयंपाक करताना लावायच्या. नवा व्हिडिओ गेम आला की मात्र तो काढून बाजूला ठेवायच्या आणि मग रिमोट हातात घ्यायच्या. चष्म्याशिवाय त्यांना टीव्हीवर रंगांचे नुसते ठिपके दिसत. त्या ठिपक्यांवरून त्या गेम पारखत.

आमच्या शाळेच्या दिवसांत या खोलीत एका बाजूला शिलाई मशीन होतं आणि दुसऱ्या बाजूला दोन डबा टीव्ही. त्यांना गेम जोडलेले, गल्लीतली पोरं पैसे देऊन खेळायची. मावशी ब्लाउज शिवायच्या आणि मागून पोरांचा आरडाओरडा चालायचा. माझं घर समोरच. मुली सहसा या खोलीत मापं द्यायला येत, मी खेळायला यायचे. त्याबद्दल मावशी कधी काही बोलल्या नाहीत, उलट सरकून जागा द्यायच्या.

पुण्याहून गेमच्या कॅसेटी विकायला एक कॅसेटवाला यायचा. त्याच्या कॅसेटींवर राजवाडे, धबधबे, विमानं असं काय काय छापलेलं असायचं. एकदा तो वैतागला.

"मावशी, चष्मा काढल्यावर तुम्हाला दिसणार काय, डोंबल?"

"झालर दिसणार न्हाई. कापड कळंल," मावशी म्हणाल्या. "झालर बघून कापड घेणारी बाई दुसऱ्या धुण्याला रडत येती."

त्या दिवशी त्यांनी राजवाड्याची कॅसेट परत केली आणि वरून ठोकळे पडतात ते रचत जायचे, एवढाच ज्यात खेळ आहे, ती ठेवून घेतली. ती कॅसेट पुढे इतकी चालली की तिच्यावरचं चित्र पुसून गेलं. राजवाड्याची शेजारच्या गावात कुणीतरी घेतली होती. आठवडाभर तिचं कौतुक झालं, मग कुणी विचारलंही नाही. राजवाडा एकदा बघून झाला की आत करायला काहीच नव्हतं.

त्यांचा दुसरा नियम होता तो हरणाऱ्यासाठी. गेममधला गडी मेला की मावशी मशीन न थांबवता विचारायच्या, "का मेला?" कारण सांगता आलं तर पुन्हा बसायचं, नाहीतर उठायचं. "उडी लवकर मारली", "मागं बघितलं नाही", "हावरटपणा केला", अशी उत्तरं चालायची. "मशीनच तसलंय" हे चालायचं नाही. मात्र कधी कधी दोघाचौघांना एकाच जागी मरूनही कारण सापडायचं नाही. मग मावशी स्वतः येऊन खेळून बघायच्या आणि ती कॅसेटच बाद करायच्या.

"चूक आपली आसंल तर माणूस परत बसतो," त्या म्हणायच्या. "उगं मारणाऱ्या गेमला परत कोण बसंल? तसल्या नवऱ्याकडंबी कोण नांदत न्हाई."

हे ऐकून माप द्यायला आलेल्या बायका हसायच्या. त्यातली एखादी विचारायची, "अगं, माझं ब्लाउज कुठवर आलं?"

"काज राह्यलंत. थांब गं जरा, शेवटचा राक्षस हाय."

"राक्षस ऱ्हाऊ दे, माझ्या भाचीचं लगीन हाय उद्या!"

"मग त्याला आधी मारू दे की. लग्नात मधी यायला नगं."

पुढे एसटी स्टँडजवळ कॉम्प्युटरचं दुकान निघालं. तिथे गाड्यांच्या शर्यतीचा गेम आला. खरी वाटावी अशी गाडी, खरा वाटावा असा रस्ता. गल्लीतली सगळी पोरं तिकडे गेली. एका दुपारी मावशी पदर खोचून मला घेऊन बघायला गेल्या. बसल्या, चष्मा काढला, गाडी दोनदा भिंतीवर घातली आणि उठल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "गाडी लई सुंदर. पर उद्या हिच्याहून सुंदर निघंल, मग ही कोण बघंल?" तसंच झालं. दोन-तीन वर्षांत त्या गाडीकडे बघून पोरं हसायला लागली. ठोकळ्यांना कुणी हसलं नाही, कारण ठोकळे कधी खरे दिसायला गेलेच नव्हते. पण तोवर पोरंच मोठी झाली होती. मावशींचं म्हणणं बरोबर ठरलं आणि खोली रिकामी झाली, दोन्ही एकदमच.

मावशींचे यजमान वारले. नितीन नोकरीला पुण्यात लागला. मी आळ्याला सासरी गेले. एक टीव्ही विकला, एक राहिला. मोबाइलवर गेम आले तेव्हा नितीनने त्यांना एक दाखवला. त्यांनी तो चार दिवस नेटाने खेळला आणि मला सांगितलं, "ह्यो हरू देत न्हाई का जिंकू देत न्हाई. नुसतं उद्या ये म्हणतो. उद्या ये म्हणणारी माणसं मी लई बघितली."

बाजाराच्या दिवशी मी जुन्नरला आले की तासभर त्यांच्याकडे थांबायचे. आम्ही रणगाड्यांचा गेम खेळायचो. दोघांनी मिळून आपला किल्ला राखायचा. एकदा मी न सांगता गेले तर त्या एकट्याच खेळत होत्या, पण पडद्यावर रणगाडे दोन. दुसरा किल्ल्याशेजारी नुसता उभा. शत्रू त्याला मारत होते, तो पुन्हा उगवून तिथेच उभा राहत होता.

"मावशी, एकट्याचा डाव लावायचा की."

"लावती कधी कधी," त्या म्हणाल्या. "पर ह्यो उभा आसला की बरं वाटतं. कोणतरी हाय."

मी पिशवी खाली ठेवली आणि दुसरा रिमोट उचलला. त्या दिवशीची माझी एसटी चुकली.

दोन वर्षांपूर्वी नितीनने आईसाठी नवा मोठा टीव्ही आणला. भिंतीवर लावला. जुना माळ्यावर गेला. मावशींनी गल्लीतल्या सगळ्यांना बोलावून टीव्ही दाखवला, पेढे दिले. पुढच्या बाजाराला मी गेले तेव्हा त्या उड्या मारत पळायचा गेम खेळत होत्या आणि दर खेपेला खड्ड्यात पडत होत्या. पहिल्याच खड्ड्यात. याच खड्ड्यापाशी पूर्वी त्या कणीक मळता मळता मला सांगायच्या, "आता उडी घे."

त्यांनी स्वतःलाच विचारलं, "का मेली?" आणि उत्तरही दिलं, "हात म्हातारा झाला."

मी म्हटलं, वयाप्रमाणे व्हायचंच. त्यांनी रिमोटची वायर गुंडाळून ठेवली. त्यानंतर गेम लावला नाही. पुढच्या महिन्यात शिवणही बंद केलं. "ज्या हाताला उडी कळत न्हाई त्याला शिवण काय कळंल? कुणाचं चांगलं कापड नासायचं." शिलाई मशीन त्यांनी आंबेगाव तालुक्यात, अवसरी बुद्रुकला धाकट्या बहिणीकडे पाठवून दिलं. धाकटी नको नको म्हणत होती. मावशींनी ऐकलं नाही. त्यानंतर मी गेले की त्या दारात बसलेल्या असायच्या, हात मांडीवर ठेवून. त्या हातांना मी पहिल्यांदाच रिकामं बघत होते.

तर या रविवारी सामान बांधून झालं, भिंतीवरचा टीव्ही तेवढा उतरवायचा होता. ईश्वरी म्हणाली, "आजीचा गेम एकदा लावू या?" लावला. ती पहिल्याच खड्ड्यात पडली. पुन्हा पडली. ही मुलगी मोबाइलवर अशी बोटं चालवते की बघणाऱ्याला चक्कर यावी.

"पप्पा, लॅग आहे याला," ती म्हणाली. "बटण दाबल्यावर तो उशिरा उडतो. एवढासाच उशीर, पण पडतोच."

नितीनने माळ्यावरचा जुना टीव्ही खाली काढला. धूळ पुसली, वायरी जोडल्या. पडदा तापून चित्र यायला वेळ लागला. मग ईश्वरीने बटण दाबलं आणि गडी त्याच क्षणी उडाला. खड्डा गेला. पुढचाही गेला. मी खेळले. माझीही उडी बसली, इतक्या वर्षांनी. गेम होता तसाच होता. नवा टीव्ही जुनं चित्र मोठं करून दाखवायला निमिषभर थांबत होता आणि त्या निमिषात मावशी पडत होत्या.

नितीन बांधलेल्या गाठोड्यावर बसला.

"तिला वाटलं हात गेला," तो म्हणाला. "टीव्ही मी आणला."

"तू चांगल्यासाठीच आणलास," वैशाली म्हणाली. त्याने मान हलवली, पण ऐकलं असं वाटलं नाही.

मग तो मला म्हणाला, "अवसरीच्या मावशीला सांगायला पाहिजे. मला नाही जमणार. तू सांग." मी तिथूनच फोन लावला. धाकट्या मावशीला आता फार कमी ऐकू येतं. दोनदा ओरडून सांगितलं, तिला कळलं नाही. शेवटी म्हटलं, "तुझ्या ताईंबद्दल एक सांगायचंय. समोर येऊन सांगते."

"ये, पोरी," ती म्हणाली. "ताईचं बोलाया हितं कोण येतंच न्हाई. मशीन झाकून ठेवलंय मी, हातबी लावला न्हाई. तिचं व्हतं ते."

भांडी पुण्याला गेली. कपडे वाटले. दोन्ही टीव्ही आणि गेम ईश्वरीने मागून घेतले. वीजबिल मिटवलं, किल्ली दिली.

अवसरीला जायचं राहिलं आहे. आळ्याहून लांब नाही. मंचरपर्यंत एसटी मिळते, पुढे कुणीही मोटारसायकलवर सोडतं. बाकीची कामं मी त्या त्या दिवशी उरकते. हे दर रविवारी पुढच्या रविवारवर जातं. तिला काय सांगायचं ते मला पाठ आहे: तुझ्या ताईंचा हात शेवटपर्यंत चांगला होता. ते ऐकून तिला बरं वाटेल, की झाकलेल्या मशीनकडे बघून ती रडेल, तेवढं मात्र ठरत नाही.