मागं नका पाहू, उजेड बिघडते

रशीदभाऊंच्या बायकोचा, शमीमभाभींचा, फोन आला तेव्हा मी मार्कंड्याच्या यात्रेत एका कुटुंबाला देवळाच्या पायऱ्यांवर उभं करत होते. "वर्षा, लवकर ये... हे खुर्चीतच बसून आहेत, बोलत नाहीत," एवढंच त्या म्हणाल्या. मी चामोर्शीला पोचले तोवर स्टुडिओचं शटर अर्धं खाली ओढलेलं होतं आणि बाहेर माणसं जमली होती. त्या कुटुंबाचा फोटो मी काढला की तसाच सोडून निघाले, ते मला आजही आठवत नाही.

रशीदभाऊंच्या स्टुडिओत मी अकरा वर्षं काम केलं. आपली मुलगी कॅमेरा शिकणार म्हणून माझे बाबा आधी बिचकले होते. भाऊ स्वतः घरी आले, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसून चहा प्याले आणि म्हणाले, "पोरीची नजर चांगली आहे, वाया नका घालवू." त्यांची शिकवण सगळी डोळ्यांपाशी येऊन थांबायची. "मशीनले माणूस समजत नाई, बेटा. जिथी त्याले ठळक रेघ दिसली, तिथी ते जाऊन बसते. साडीची किनार दिसली का किनारीवर, मागं झाड दिसलं का झाडावर. माणूस कोण हे तू सांगायचं त्याले." म्हणून फोकसचा एकच ठिपका निवडायचा, तो जवळच्या डोळ्यावर ठेवायचा, मग कॅमेरा उगाच हलवायचा नाही. माणूस श्वास घेतो, किंचित पुढेमागे होतो, म्हणून दोन-तीन फोटो घ्यायचे. आणि माणूस समोरून उठायच्या आत स्क्रीनवर फोटो मोठा करून पाहायचा. मी कंटाळायचे. नवा कॅमेरा घेतला तेव्हा तर म्हणालेही, "भाऊ, आता हा स्वतःच डोळे शोधते." ते म्हणाले, "कोणाचे शोधते, तेवढं पाह्यत जा."

गेल्या उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचा, म्हणजे विडीच्या पानांचा, हंगाम होता. एका प्रदर्शनासाठी पाने तोडणाऱ्या बायांचे फोटो हवे होते, म्हणून आम्ही सकाळीच जंगलाकडच्या एका गावात गेलो. सहा बाया होत्या, झुडपांमध्ये विखुरलेल्या. आमच्यापासून वीसेक पावलांवर शेवंताबाई उकिडव्या बसून पाने खुडत होत्या, तोंड आमच्याकडे. मी लांबची लेन्स लावून फोटो घेत होते आणि कॅमेरा आपोआप फोकस करेल असा लावून ठेवला होता. त्यांचा चेहरा काही धरला जात नव्हता. फोकस सारखा मागच्या झुडपात जात होता. "पाहू, काय गोंधळ घातला," म्हणत भाऊंनी कॅमेरा घेतला आणि स्क्रीनवरचा फोटो मोठा केला. मी बोलणी खायच्या तयारीत होते. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. मी वाकून पाहिलं... शेवंताबाईंचा चेहरा धूसर होता. त्यांच्या खांद्यामागे, पानांच्या फटीत, दोन डोळे होते. अगदी स्वच्छ. वाघाचे.

माझ्या तोंडातून आवाज निघणार तोच भाऊंनी माझं मनगट दाबलं. मग ते लग्नाच्या मांडवात बोलत त्याच मोठ्या, खेळकर आवाजात म्हणाले, "चला बायांनो, ग्रुप फोटो! सगळ्या उभ्या राहा, इकडे माझ्यापाशी या. शेवंताबाई, आधी तुम्ही उठा!"

"थांबा ना भाऊ, एवढी पानं होऊ द्या," त्या बसूनच म्हणाल्या.

"पानं मंग तोडा. उजेड चालला माझा. उठा, अशा सरळ उभ्या राहा... हां. आता माझ्याकडे पाहत या. मागं नका पाहू, उजेड बिघडते."

बोलता बोलता ते पुढे चालले होते. आमच्या आणि शेवंताबाईंमधली वीस पावलं... त्यातली बारा तरी ते स्वतः चालून गेले, कॅमेरा उंच धरून, हसत. झुडूप हललं की वारा होता, मला कळलं नाही. बाया हसत, पदर सावरत गोळा झाल्या. भाऊंनी त्यांना एकमेकींना चिकटून उभं केलं आणि तसंच, फोटोच्या बहाण्यानं, एकेक पाऊल सरकवत रस्त्यापर्यंत आणलं. गाडीजवळ आल्यावरच सांगितलं. शेवंताबाई तिथेच मातीत बसल्या. बायांनी आरडाओरडा केला, गावातून माणसं धावली, वनरक्षक आला. वाघ निघून गेला होता. भाऊ गाडीच्या मागे जाऊन ओकले.

लोकांना वाटलं, एवढा धीट माणूस. मी पाहिलं ते वेगळं होतं. त्यानंतर जंगलाकडे जायचं ते टाळायचे. बाहेरची कामं त्यांनी माझ्यावर टाकली. एका बातमीदारानं तो वाघाचा फोटो मागितला, तर म्हणाले, "तो फोटो चुकला आहे. बाई दिसतच नाई त्यात." आणि दिवाळीनंतर एक दिवस अचानक म्हणाले, "शेवंताबाईचा फोटो खराब झाला. मले तिथी जा लागन." वाटेत जंगल सुरू झालं तसं ते पुटपुटायला लागले, दुआ असावी. गाडी मी चालवत होते. शेवंताबाईंना त्यांनी घरात, उघड्या दाराकडे तोंड करून बसवलं आणि स्वतः दारात उभे राहिले. पाठ जंगलाकडे. मी अंगणात उभी राहून झाडीकडे पाहत होते, त्यांनी सांगितलं होतं म्हणून. मागून तीन वेळा खट् आवाज झाला. मग बटणांची टिकटिक. ते स्क्रीनवर तपासत होते.

भाऊंना जाऊन आता सहा आठवडे झाले. पुन्हा तेंदूपत्ता सुरू होईल. परवा शमीमभाभी स्टुडिओत आल्या. म्हणाल्या, "सगळ्या गावाचे फोटो काढले ह्यांनी. ह्यांचा एक तरी असंल ना?" नव्हता. ओळखपत्राचा तेवढा, तोही कुणासारखाही दिसणारा. त्या तिथेच बसून राहिल्या. काहीतरी दाखवावं म्हणून मी भाऊंचं शेवटचं बाहेरचं काम कॉम्प्युटरवर उघडलं. वाघाच्या फोटोचं फोल्डर शेजारीच होतं, त्यावर चुकून क्लिक होऊ नये म्हणून मी माऊस दोन्ही हातांनी धरला होता. शेवंताबाईंचा चेहरा आला. सवयीनं मी तो मोठा करत गेले, जवळच्या डोळ्यापर्यंत. बुबुळात दाराचा पांढरा चौकोन उमटला होता. त्या चौकोनात एक काळी, इवलीशी आकृती. किंचित वाकलेली, डोळ्याला कॅमेरा, कोपरं बरगड्यांना घट्ट लावलेली.

भाभी खुर्ची सोडून पुढे आल्या. स्क्रीनला नाक लागेल इतक्या जवळ गेल्या.

"अंग किती आवळून घेतलं आहे," त्या हळूच म्हणाल्या. "घाबरले होते का गं?"

"हो भाभी. लय घाबरले होते."

त्यांनी मान हलवली, पण नजर काढली नाही. शेवंताबाईंच्या पापणीचा एकेक केस वेगळा दिसत होता.