टिटवाळ्याची आराधना आणि आईच्या प्रार्थनेतली रूथ

टिटवाळ्याला मी देवासाठी गेले नव्हते. आईला एकटीला कशाला पाठवायचं, म्हणून गेले. आणि खरं सांगू? रूथला बघायला गेले. ठाण्याच्या कोपरीत आम्ही दोघी एकाच संडे स्कूलमध्ये वाढलो. मी चर्च कधीच सोडलं, ती आता स्टेजवरून गाणी म्हणत आराधना घेते. आमच्या घरी जेवणाआधी प्रार्थना असते, आधी आभार, मग विनंत्या. रूथ रोज आभारात असते. मी विनंत्यांत, आईच्या गुडघ्यांच्या नंतर.

तुम्हाला जायचं असेल तर रविवारी दुपारी ठाण्याहून कसारा गाडी पकडा, बसायला मिळतं. उतरल्याउतरल्या रिक्षावाला विचारतो, "गणपती मंदिर?" आम्ही नवीन बिल्डिंगींमागचा हॉल सांगितला. "अच्छा, वो गानेवाला," म्हणत त्याने माणशी वीस रुपयांत सोडलं. गेटबाहेरची कांदाभजी खाऊनच आत जा, कारण आत फक्त केक आणि कॉफी, तीही महाग.

हॉलमध्ये धूर सोडायचं मशीन, निळे दिवे, पडद्यावर गाण्याचे शब्द. आमच्या वेळी एक खोली, एक डफ आणि एक बेसूर पेटी होती. बायबलमधलं वचन पाठ केलं की वहीवर स्टार मिळायचा. नरकाची चित्रं दाखवून आमची झोपही उडवलेली, त्याचा राग अजून गेलेला नाही. पण हातवारे करून म्हणायची ती गाणी आठवली की माझे हात आजही आपोआप उठतात. इथे चाली सगळ्या बाहेरच्या आणि त्यांत मराठी शब्द कोंबलेले. शेजारणीला विचारलं, "जुनी गाणी नाही म्हणत?" ती म्हणाली, "जुनी कोण ऐकतंय आता?"

रूथने डोळे मिटले तसे खालचे मोबाइल वर गेले. ढोंग म्हणावं, तर मेली गाते इतकं सुंदर की माझा नुसता जळफळाट झाला. आई तर पदराने डोळे पुसत होती. माझ्या कुठल्याही गोष्टीने तिच्या डोळ्यांत असं पाणी आलेलं मला आठवत नाही.

कार्यक्रम संपल्यावर रूथ धावत आली, घामाने मेकअप उतरलेला. "मावशी, प्रार्थनेत माझं नाव घेता ना?"

"रोज. देवाचे आभार मानते गं तुझ्यासाठी."

"आभार नको. माझ्यासाठी काहीतरी मागा."

"तुला काय कमी आहे?" आई हसली. रूथही हसली, पण आईचा हात सोडेना. मग कुणीतरी तिला फोटोला ओढून नेलं.

कोपरीला पोचल्यावर आईने खिचडी टाकली, पानं वाढली आणि डोळे मिटले. रूथचे आभार एका वाक्यात उरकले. माझ्यापाशी येऊन ती थांबली. माझी नोकरी, माझी पाठदुखी, माझा तिरसट स्वभाव, तिच्यानंतर माझं कोण, सगळं सावकाश मागत राहिली. खिचडी गार झाली. माझा विश्वास काही परत आला नाही, येईलसं वाटतही नाही.

"आई, रूथसाठी मागायचं राहिलं," एवढंच मला म्हणायचं होतं. तिला खरंच काहीतरी हवं होतं, ते मी पाहिलेलं. पण ते न म्हणता मी गार खिचडी कालवायला घेतली. आभार तिचे, विनंत्या माझ्या. त्यांत मला दुसरं कुणी नको होतं.