रिकाम्या रकान्यातला फोन नंबर

नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, कुंभमेळ्याचे बंदोबस्त केले. त्यातलं पुष्कळसं आता पुसट झालंय. एका फोन नंबराची भानगड मात्र अजून डोक्यातून जात नाही. पोलिसी भाषेत तो काही मोठा गुन्हाही नव्हता.

तेव्हा मी नाशिक शहरातल्या एका ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. घराघरांत लँडलाईन होती, मोबाईल नुकते लोकांच्या खिशात यायला लागले होते आणि शहरातल्या व्यापाऱ्यांना वेबसाईटचं नवं वेड लागलं होतं. शेजाऱ्याची साईट झाली म्हणजे आपलीही पाहिजे, एवढंच बहुतेकांना कळत होतं.

एके दिवशी सकाळची हजेरी उरकून मी स्टेशन डायरी वाचत बसलो होतो. ठाणे अंमलदाराने एका म्हाताऱ्याला आणि त्याच्या लेकीला आत पाठवलं. माणसं चांदवडकडची. मुलगी नाशिकच्याच सिडकोत दिलेली, नवरा सातपूरच्या एका कारखान्यात कामाला. त्याने तिला माहेरी आणून सोडलं होतं.

"साहेब, पोरीची काय बी चूक नाय," बाप म्हणाला. "तिच्या घरात फोन आला अन् तवापासनं लय वंगाळ फोन यायला लागले. कोण म्हणतं मसाज करून मिळंल का, कोण म्हणतं मॅडमला द्या. एक दिस जावायानं सोता फोन उचलला..."

बापाने डोळे पुसले. मुलगी मात्र रडत नव्हती.

"साहेब, मला नांदायला पाठवा म्हणून मी आले नाय," ती म्हणाली. "हे कशानं झालं ते शोधा. अन् माझा याच्यात काही संबंध नव्हता, हे यांच्या तोंडावर सांगा. पुढचं मी बघीन."

ठाण्यात येणाऱ्या बाया बहुतेक वेळा नवऱ्याला दम द्या म्हणतात, नाहीतर सोडवून द्या म्हणतात. हिला आपलं नाव परत हवं होतं. मी नोंद घ्यायला सांगितली आणि नवऱ्याला बोलावणं पाठवलं.

तो आला. नीटनेटका माणूस, दारू नाही, मारहाण नाही. "साहेब, राँग नंबर एखाद्या वेळी लागतो," तो म्हणाला. "रोज लागतो का? आग असल्याशिवाय धूर निघत नाही."

बायकोबद्दल त्याने मनमाडच्या थोरल्या भावाला सांगितलं होतं, वणीच्या आत्याला सांगितलं होतं, कारखान्यातल्या मित्रांनाही सांगितलं होतं. गोष्ट बाहेरून फुटण्याआधी आपणच सांगितलेली बरी, असं त्याचं गणित. अशी माणसं मी खूप पाहिली. अब्रू जाईल या भीतीने ती स्वतःच्याच घराची अब्रू चव्हाट्यावर मांडतात.

मी आमच्या एका महिला हवालदाराला त्याच्या घरी फोनपाशी बसवलं. बाई जुन्या आणि बोलायला गोड. पहिला फोन आला तो कुणा तरुणाचा. "शनिवारी रूम मिळेल का? दोघंच आहोत."

"मिळंल की," बाई म्हणाल्या. "पण नंबर कुणी दिला तुम्हाला?" पलीकडून फोन आपटला.

मग एकाला मंगल कार्यालयाची तारीख हवी होती, एकाला द्राक्षांचा भाव. आणि एकजण मसाजबद्दल विचारू लागला, त्याने पोलीस हा शब्द ऐकताच फोन ठेवला. संध्याकाळी बाई ठाण्यात आल्या. "साहेब, लॉज, कार्यालय, द्राक्षं अन् मसाज, सगळं एकाच फोनवर. त्या घरात तर आठवडी बाजार भरलाय," म्हणाल्या. हसू आलं, पण एक गोष्ट स्पष्ट झाली. हे एका बाईच्या पाठी लागलेल्या एका माणसाचं काम नव्हतं.

खबर मिळाली ती मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या सायबर कॅफेतून. तिथला मालक अधूनमधून आमच्या उपयोगी पडायचा. मी नंबर त्याच्या कानावर घालून ठेवला होता. त्याने निरोप धाडला, तसा मी गेलो. त्याने संगणकावर मसाज सेंटरची साईट उघडली. खाली तोच नंबर. मग लॉजची, मग कार्यालयाची, मग द्राक्षवाल्याची. सगळीकडे तोच.

"आणि हे बघा साहेब," तो म्हणाला. प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक अक्षरात साईट बनवणाऱ्याचं नाव आणि फोन होता. सगळ्या साईट एकाच माणसाच्या, कॉलेज रोडवरच्या.

त्याचं ऑफिस एका दुकानाच्या माडीवर होतं. तिशीतला हुशार मुलगा. आधी त्याला मी नवा ग्राहक वाटलो असेन, कारण त्याने मोठ्या हौसेने सगळं समजावून सांगितलं.

"सर, पूर्वी प्रत्येक साईट वेगळी उघडून काम करावं लागायचं. मी एकच सिस्टीम बनवली. इथे एकदा लॉगिन केलं, की सगळ्या क्लायंटच्या साईट माझ्या हातात. इथे बदललं, की सगळीकडे बदलतं."

मी ओळख दिली आणि नंबर लिहिलेला कागद पुढे केला. "हा कुणाचा?"

"माहीत नाही, सर."

प्रश्न संपायच्या आत उत्तर आलं. ज्याला खरंच माहीत नसतं तो कागदाकडे दोनदा बघतो, आठवून पाहतो. याने एकदाही धड पाहिलं नव्हतं. मी त्याला ठाण्यात घेऊन आलो.

अंगाला हात न लावता, चहा पाजून विचारपूस केली. "तुझ्या काही साईटवर मालकांचे खरे नंबर आहेत. मग याच साईटवर हा का?"

"ज्यांनी नंबर दिलाच नाही त्यांच्यावर आहे, सर," तो हळूच म्हणाला.

आणि हे खरं निघालं. मी एकेका मालकाकडे माणूस पाठवला. कार्यालयवाला म्हणाला, "माझा नंबर अख्ख्या पंचवटीला पाठ आहे, साईटवर कशाला?" द्राक्षवाला आणि लॉजवाला दोघेही 'नंतर देतो' म्हणून विसरले होते. मसाजवाल्याने नंबर का दिला नाही, हे आम्हाला न विचारताही कळत होतं. साईट हवी म्हणून घेतलेली, ती पुन्हा उघडून पाहायची तसदी यांतल्या एकानेही घेतली नव्हती. फोनचा रकाना रिकामा राहिला, की ती सिस्टीम आपोआप एक ठरलेला नंबर त्यात भरायची.

"तो ठरलेला नंबर आला कुठून?" मी विचारलं. "आठवत नाही, सर," एवढंच मुलगा म्हणाला.

तेवढ्यात नवऱ्याला कुठून तरी कळलं की आम्ही एकाला आणलंय. तो तरातरा आला. "म्हणजे याच्याशीच तिचं काहीतरी असणार," म्हणाला. आतापर्यंत त्याच्या संशयाला चेहरा नव्हता, तो आता मिळाला. मला त्या मुलीची काळजी वाटू लागली. तपास इथेच थांबला असता तर ती कायमची बुडाली असती.

मी हवालदार बाईंना पुरवणी जबाबासाठी चांदवडला पाठवलं. चुलीपाशी बसून, भाकरी थापता थापता त्यांनी तिच्याकडून जे काढलं, ते तिने आम्हाला सांगितलं नव्हतं. कार्यालयासाठी फोन करणाऱ्या एका भल्या म्हाताऱ्याला तिने नंबर कुठून मिळाला ते विचारलं होतं. त्याने साईटच्या छापून आणलेल्या पानावरून साईट बनवणाऱ्याचा फोन वाचून दाखवला. तिने त्या मुलाला फोन करून विनवलं होतं, की भाऊ, आमचा नंबर काढून टाका. तो "बघतो मॅडम" म्हणाला होता.

"मग आधी का सांगितलं नाहीस?" बाईंनी विचारलं.

"परक्या माणसाला मी आपणहून फोन केला, हे कळलं असतं तर यांनी तेच धरलं असतं."

मी हे त्या मुलापुढे ठेवलं, तेव्हा तो कोसळला. "सर, तो माझाच जुना नंबर. पहिलं ऑफिस सिडकोत होतं, तिथला. इकडे आलो तेव्हा फोन सरेंडर केला, सिस्टीममधून काढायचा राहिला. त्या मॅडमचा फोन आला तेव्हा कामाची घाई होती. म्हटलं, नंतर करू. तुम्ही आलात तेव्हा केस होईल म्हणून घाबरलो."

टेलिफोन ऑफिसनेही दुजोरा दिला. बंद पडलेला तो नंबर नव्या जोडणीच्या वेळी या घराला मिळाला होता. फोन घरात आला, तेव्हापासून कॉल सुरू झाले, हे बापाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

मी मुलाला त्याच्या ऑफिसात नेलं आणि पंचांसमोर नंबर काढायला लावला. त्याने एका रकान्यातला आकडा पुसला, एक बटण दाबलं. सगळ्या साईटवरून नंबर गेला. चहा निवायच्या आत होणारं काम. त्याच्या कानाखाली वाजवावी असं फार वाटलं. वाजवली नाही. त्याला नेमकं कोणतं कलम लावावं यावर वरिष्ठांशी चर्चा झाली, शेवटी जबाब आणि सक्त समज, यावर प्रकरण मिटलं.

मग नवरा-बायकोला माझ्या खोलीत समोरासमोर बसवलं. मी सगळं क्रमाने सांगितलं. नवरा खुर्चीवरून उठला. मग म्हणाला, "झालं ते झालं. चल घरी."

ती उठली नाही. "जिथं जिथं सांगितलं, तिथं तिथं जाऊन सांगा, की माझी चूक नव्हती."

"फोन करतो सगळ्यांना."

"तेव्हा सांगायला तर घरोघर गेला होतात," ती म्हणाली, आणि बापाबरोबर निघून गेली.

तो खरोखर गेला. मनमाडला भावाकडे गेला. वणीला आत्या म्हणाली, "आम्ही विसरलो होतो की रे, कशाला पुन्हा काढतोस?" कारखान्यातले मित्र हसले. हे सगळं त्याने स्वतः ठाण्यात येऊन मला सांगितलं. चेहरा उतरलेला होता. यंत्रात एका जागी दुरुस्ती केली की सगळीकडे होते, माणसांत तसं होत नाही, हे त्याने पायाने फिरून अनुभवलं होतं. मला त्याचं कौतुक वाटलं आणि मी मनातल्या मनात प्रकरण बंद केलं.

पुढे माझी बदली ग्रामीण पोलिसांत झाली. एकदा बाजार समितीच्या बंदोबस्तासाठी चांदवडला होतो. बसस्थानकावर खाकी कपड्यातल्या एका कंडक्टर बाईने नमस्कार केला. तीच होती. चेहरा उन्हाने रापलेला, पण आवाज मोकळा.

"इथंच असता? नवरा न्यायला आला नव्हता का?" मी विचारलं.

"आले होते ना साहेब. सगळीकडं सांगून आलो म्हणाले."

"मग?"

तिने तिकिटांची पेटी काखेत नीट धरली. "सगळ्यांना सांगितलं त्यांनी. मला नाय सांगितलं."

तिने घंटी दिली आणि गाडी मनमाडच्या दिशेने गेली.

त्यानंतर नवरा-बायकोचा वाद मिटला म्हणून सांगायला कुणी ठाण्यात आला, की मी त्याला एवढंच विचारायचो, "चुकलो, असं तिला म्हणालास का?"